मागच्या सीटवरची पेटी

मंडळी, दिवाळीच्या टूरला बाईकच्या मागच्या सीटवर बांधलेली आणि तवापासून तिथंच असलेली लोखंडी पेटी लई खडखड करती, म्हणून आज ती कायमची वेल्ड करून घ्यायला उद्यमनगरात वेल्डिंगवाल्या मिस्त्रींकडं गेलतो.

मिस्त्री म्हणाले, "पावणं, लगीन झालंय न्हवं? मग वहिनी कुठं बसणार?"

"ती टूरला येत नाही हो."

"टूरचं न्हाय इचारत. माहेरला जाताना?"



मिस्त्रींनी वेल्ड न करता खाली रबर घालून चार बोल्ट लावले. खडखड गेली, आणि पेटी आता दोन मिनिटांत निघती.

संध्याकाळी पेटी घरी ठेवून बायकोला कुरुंदवाडला माहेरी सोडायला निघालो. वाटेत ती हळूच म्हणाली, "दिवाळीनंतर आज पहिल्यांदा बसले मागं."

तिनं ध्यानात ठेवलंतं, मी नाही.

मिस्त्री, लई उपकार झाले तुमचे. मंडळी, तुमच्या मागच्या सीटवर सध्या काय बांधलंय?