बारशाआधीची सतरा

हिवरझरीत पंचविशीच्या आतला कोणीही घ्या, त्याला या जगात पहिला हात लागला तो मनकर्णाबाईचा. सिंदी स्टेशनापासून दोन कोसांवरचं हे गाव. सुईणपण तिला सासूकडून मिळालं आणि सासूने दिलं तसंच तिने चालवलं. नाळ कापायला त्या-त्या घरचा इळा, बेंबीवर गोवरीची राख.

बरीच लेकरं जगत. काही सातव्या-आठव्या दिवशी जबडा आवळून घेत, दूध ओढायचं सोडत, अंग धनुष्यासारखं ताणत आणि संपत. सटवी घेऊन गेली, असं बायका म्हणत, आणि तेही एकदाच. बारशाआधी गेलेल्या लेकराचा पुन्हा उच्चार करायचा नाही, कारण उच्चार केला की तेच परत पोटी येतं आणि परत जातं. कोतवाल तानबा जन्ममृत्यूची वही घेऊन दारी आला तरी त्याला हेच उत्तर, "आमच्याकडं काई नाई, बाप्पा."

पंचावन्न साली सिंदीला सुईणींचा महिनाभराचा वर्ग निघाला. शिकवायला सुमतीबाई नावाची तरुण नर्स होती. चौथ्या दिवशी तिने विचारलं, "नाळ कशाने कापता?"

"घरच्या इळ्यानं."

"त्याच इळ्याने गोठ्यातलं गवत कापता?"

"मंग? लेकराले येगळा इळा कोण घडवते?" सगळ्या हसल्या. मनकर्णाबाई सगळ्यात मोठ्याने हसली.

सुमतीबाई हसली नाही. शेणामातीतलं विष पात्यावर बसतं, नाळेतून आत जातं आणि आठव्या दिवशी जबडा आवळतं, हे तिने सावकाश, दोनदा सांगितलं.

संध्याकाळी बाकीच्या गेल्यावर मनकर्णाबाई मागे राहिली. "म्हंजे ते सटवीचं नाई?"

"नाही."

"मंग कोनाचं?"

"इळ्याचं," सुमतीबाई म्हणाली.

"इळा त माया हातात होता, बाई."

सुमतीबाईने तिचा हात धरला.

मनकर्णाबाई गावी परतली ती एकच गोष्ट मनात धरून: हिवरझरीला नर्स आणायची. नलूसाठी तरी आणायची. आनंदाबाईची ही सून. आदल्या वर्षीच्या चैत्रात तिचं पहिलं गेलं होतं आणि आता तिला पाचवा लागला होता. त्या पहिल्याची नाळ मनकर्णाबाईच्याच हातांनी कापली होती.

संधीही चालून आली. विकास खंडाचे अधिकारी अच्युतराव तीन वर्षांची आरोग्य-योजना आखत होते. चाळीस गावं, आणि पहिल्या वर्षी एकच नर्स, एकच बाळंतपणाची खोली. जिथे तान्ही जास्त दगावतात तिथे पहिली, असं त्यांनी ठरवलं होतं. माणूस सरळ होता. चावडीवर नकाशा पसरून बसला आणि पाटील अण्णाजींना म्हणाला, "अभिनंदन, पाटील. पाच वर्षांत तुमच्याकडे तान्ही मुलं गेली फक्त तीन. सबंध खंडात इतकं निरोगी गाव दुसरं नाही."

अण्णाजींनी फेटा सावरला. "आमची हवाच तशी हाय, साहेब."

"सतरा," मनकर्णाबाई बायकांतून उठून म्हणाली.

"काय सतरा?"

"बारशाआधीची. वहीतली तीन त गोवरानं गेली. हे सतरा येगळी."

"मनकर्णे," अण्णाजी गोड आवाजात म्हणाले, "सिंदीले जाऊन गावाची बदनामी शिकून आली काय?"

"नर्स पाह्यजे ना, पाटील? मंग मोजून दाखवा लागते."

अच्युतरावांनी पेन काढलं. "ऐकीव आकडा मी लिहू शकत नाही, बाई. पण एखाद्या आईने हो म्हटलं, तर आत्ता लिहितो."

मनकर्णाबाईने बायकांकडे पाहिलं. सगळ्यांचे पदर नाकापर्यंत. "नलू, तू सांग, माय."

नलूचा हात पोटावर गेला आणि तिथेच राहिला. बोलली ती तिची सासू. "आमच्या घरी काई झालं नाई. हे तिचं पयलंच हाय." नलूने मान हलवली. हो, पहिलंच.

"अन् समजा गेली," अण्णाजी म्हणाले, "त कायनं गेली? सांग की."

इथे ती थांबली असती तर निदान तिचं काम तरी राहिलं असतं. पण खरं सांगितल्यावर कोणीतरी ऐकेल असं तिला वाटलं.

"माया हातानं गेली. इळ्यानं. मले मालूम नोतं, आता मालूम झालं."

अच्युतरावांनी हळूच विचारलं, "पण आता तुम्ही शिकून आलात ना?"

"हो."

"मग या गावाची सोय झालीच म्हणायची." हिवरझरी योजनेच्या तिसऱ्या वर्षात गेली.

सोय झाली, पण त्या दिवसापासून मनकर्णाबाईला कोणी बोलावेना. शेजारच्या गावाहून दुसरी सुईण येऊ लागली, आली की घरचा इळा मागू लागली. पौषात नलूच्या कळा सुरू झाल्या तेव्हा मनकर्णाबाई आपणहून आनंदाबाईच्या दारी गेली.

"तुले कसं आत घेऊ?" आनंदाबाई उंबऱ्यावर आडवी उभी राहिली. "तू सोताच्या तोंडानं कबूल केलं."

"आता समजलं म्हणून त आली."

"त्या सुईणीले काई समजत नाई, म्हणून तिच्या हाताले काई लागत नाई. जाय तू."

पोरगा झाला. रडणं रस्त्यापर्यंत ऐकू आलं. रोज सकाळी मनकर्णाबाई आनंदाबाईच्या परसामागून जाऊ लागली. सहाव्या दिवसापर्यंत रडणं चांगलं खणखणीत होतं. सातव्या दिवशी कुडापलीकडे नलू उभी होती, मांडीवरचं लेकरू खाली ठेवून आल्यासारखी, मोकळ्या हातांनी.

"पेत नाई वो."

"तोंड उघडते?"

"नाई."

मनकर्णाबाई धावत अण्णाजींकडे गेली. वर्ध्याच्या दवाखान्यापर्यंत गाडी मागितली. बैल कापूस घेऊन सिंदीला गेले होते. ती परत आली तेव्हा नलू तिथेच होती.

"गाडी नाई भेटली. पायी नेता का? मी घेतो कडेवर."

"सासूबाई म्हणते, वाट पाहू."

मनकर्णाबाईला पुढचे दोन दिवस तासातासाने ठाऊक होते. पंचवीस वर्षं ती ते पाहत आली होती, फक्त काय पाहतो ते माहीत नव्हतं.

"जगन का वो?" नलूने विचारलं.

खोटं बोलणं तिला जमलं असतं. गावात सगळ्यांनाच जमत होतं. "नाई, माय," ती म्हणाली.

नलू कुडाला धरून खाली बसली. अलीकडे मनकर्णाबाईही बसली.

"जाऊ नको," नलू म्हणाली.

"नाई जात."

आतून आनंदाबाईने सुनेला हाक मारली, मग पुन्हा मारली. दोघींपैकी कोणीच उठलं नाही.