गच्चीवरची कल्हई

सातारच्या त्या हॉटेलच्या लिफ्टमध्ये मी तीनदा खाली वाकून बूट पाहिले. सकाळी पॉलिश केलेले होते, तरी पाहिले. लिफ्टला तिन्ही बाजूंनी आरसे होते आणि त्यातला माणूस एसटीने आलेला, कराडजवळच्या मलकापूरपाशी रस्त्याच्या कामात तासभर अडकलेला, वैतागलेला दिसत होता. तो वैतागलेला होताच. मुलीने बोलावलं म्हणून इस्लामपूरहून आला होता आणि मुलीला नाही म्हणायला आला होता.

मुलगी हॉटेल मॅनेजमेंट शिकली तोवर माझं काही म्हणणं नव्हतं. हॉटेल म्हणजे जेवणखाण, असं मी धरून चाललो होतो. नोकरी लागल्यावर कळलं की तिला दिलाय तो हॉटेलच्या गच्चीवरचा लाउंज. तिथे संध्याकाळी लोक शहराचे दिवे बघत कॉकटेल पितात आणि माझी मुलगी तिथली सुपरवायझर. आमच्या घरात दारूचा थेंब कधी आला नाही. मशिदीतून बाहेर पडताना कुणी विचारलं, मुलगी काय करते, तर सांगू काय? तीन महिने मी फोनवर नुसता हं हं करत राहिलो. शेवटी तीच म्हणाली, "अब्बा, एकदा येऊन बघा. बघून न्हाई म्हणालात तर मी दुसऱ्या दिवशी राजीनामा देते." ती शब्दाची पक्की आहे, हीच तर पंचाईत होती. ऐकणार नाही अशा पोराशी निदान भांडता येतं.

बायको म्हणाली, "बघून या, मग बोला. न बघता बोललात तर पोरगी जन्मभर ऐकवेल." घरात आम्ही दखनी बोलतो, पण कामाचं आणि रागाचं बोलणं मराठीतच येतं. त्या दिवशी ती मराठीत बोलली.

स्टँडजवळच्या मशिदीत मगरिबची नमाज पढून मी वर गेलो तेव्हा यवतेश्वराच्या डोंगरामागे अजून थोडा उजेड होता. एका बाजूला अजिंक्यतारा, खाली शहरातले दिवे एकेक लागत होते आणि लांब हायवेवर ट्रकांची रांग. देखावा चांगला होता, खोटं कशाला बोलू. पण मला बसवेना. सोफा इतका खोल की गुडघे छातीपाशी आले. उठून कठड्यापाशी गेलो. परत येऊन बसलो. टेबल जरा डुगडुगत होतं, म्हणून खिशातला छोटा स्क्रू-ड्रायव्हर काढून खाली वाकलो आणि पाय आवळून टाकला. माझं इस्लामपुरात कुकर, मिक्सर, शेगड्या दुरुस्तीचं दुकान आहे. मोकळ्या हातांनी बसायची मला सवय नाही.

मुलगी काळ्या कोटात होती, केस घट्ट बांधलेले. लांबूनच मान हलवून हसली आणि कामाला लागली. तिच्याहून थोराड दोघे वेटर तिचं हळू आवाजातलं बोलणं ऐकून लगोलग हलत होते. मनात कुठेतरी बरं वाटलं आणि त्या बरं वाटण्याचाच राग आला. मी चूक शोधायला आलो होतो. कुणी तिच्याशी वेडंवाकडं बोलतंय का, कुणी झिंगून पडलंय का, बघत होतो. कुणीच नव्हतं. शेजारच्या टेबलावर दोन बाया ग्लास उंच धरून किल्ल्याबरोबर फोटो काढत होत्या. म्हातारे नवरा-बायको शेंगदाणे खात गप्प बसले होते. मी घड्याळ पाहिलं. येऊन पंधरा मिनिटंही झाली नव्हती.

मग तिने माझ्यासाठी पेय आणलं. तांब्याचा मग, कान असलेला, बाहेरून लखलखीत, वर पुदिन्याची काडी. "आलं, लिंबू, सोडा आणि गूळ. दुसरं काय न्हाई यात. माझ्या हातानं केलंय," ती म्हणाली आणि लगेच दुसऱ्या टेबलाकडे गेली. मी कसा पितो ते तिला जवळ उभं राहून बघायचं नव्हतं.

मी मग उचलला आणि प्यायच्या आधी आत पाहिलं.

ही सवय मला माझ्या वडिलांनी लावली. ते कल्हईवाले होते. वाळव्यातली गावं पायाखाली घालत, वेशीवर खड्डा खणून भट्टी लावत, आणि मी वयाच्या आठव्या वर्षापासून त्यांचा भाता ओढत होतो. पुढे वीस वर्षं मीही तेच केलं. तांब्या-पितळेचं भांडं तापवायचं, नवसागराची पूड टाकायची, कथलाची कांडी फिरवायची आणि कापसाच्या बोळ्याने सगळीकडे पुसून घ्यायचं. पांढरा धूर निघतो आणि भांडं आतून चांदीसारखं होतं. ही कल्हई असली तर त्यात आंबट शिजवा, ठेवा, काही होत नाही. ती गेली आणि उघड्या तांब्यात आंबट पडलं की ते कळकतं. माणसाला मळमळतं, उलट्या होतात. आमच्या भागातली जुनी बाई ताकाला, आमटीला भांडं आतून बघितल्याशिवाय हात लावत नसे.

माझ्या हातातला मग आतून लालभडक होता. फक्त काठाखाली, कानाजवळ, करड्या रंगाची एक रेघ राहिली होती. म्हणजे कल्हई होती आणि ती आपोआप झिजली नव्हती. कुणीतरी मन लावून घासून काढली होती. आणि त्यात लिंबू.

मी मग खाली ठेवला. समोर पाहिलं तर मुलगी काउंटरपाशी उभी राहून माझ्याकडे बघत होती. तिचा चेहरा पडला. मला लगेच कळलं तिला काय वाटलं ते. बापाला तिच्या हातचं लिंबूपाणीसुद्धा चालत नाही, असं तिला वाटलं.

ती आली. "राहू द्या, अब्बा. मला माहिती होतं."

"तुला काय माहिती न्हाई," मी म्हणालो. आवाज जरा चढलाच. "ह्ये आतनं कोण घासतंय?"

ती गोंधळली. "आमची पोरं. मीच शिकवलंय त्यांना. मीठ-चिंचेनं, नानी घासायची तसं. आतनं काळपट दिसायचं, लोक फोटोत नाक मुरडायचे."

"आणि कुणाला काय त्रास?"

तिने मगाकडे पाहिलं. "गेल्या आठवड्यात एकाला मळमळलं. आम्ही आलं बदललं."

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. नानी बाहेरून घासायची, तांब्याची घागर, समई. आतून भांड्याला राखेचा नुसता हलका हात. पण हे पोरीला सांगणार कोण? तिच्या जन्माच्या सुमारास स्टीलने आमचा धंदा खाल्ला आणि मी दुकान टाकलं. तिच्या शाळेच्या फॉर्मवर मी ‘मेकॅनिक’ लिहिलं. मला लाज वाटायची. काळे पाय, फाटका भाता, गल्लीतून आरोळी देत फिरणं, हे तिच्या वाट्याला नको होतं. भाता माळ्यावर टाकला. एकदा लहानपणी तिने तो पाहिला आणि हे काय आहे म्हणून विचारलं, तेव्हा मी म्हणालो, "जुनं कातडं हाय, हात लावू नको." आजोबा भांड्यांचं काहीतरी करायचे, एवढंच तिला ठाऊक होतं. माझं तेवढंही नाही.

तेवढ्यात मॅनेजर आला. चाळिशीचा, नम्र माणूस. वाकून म्हणाला, "सर, कसं वाटलं? हे तांब्याचे मग तुमच्या मुलीचीच आयडिया. काही कमी-जास्त असेल तर सांगा."

आता सांगतो ते सांगायला मला आवडत नाही. त्या क्षणी मला वाटलं, आयतंच हातात आलं. एक वाक्य बोलायचं की तुमची सुपरवायझर गिऱ्हाइकांना कळकलेलं पाजतेय. नोकरी तिथेच संपली असती. मला नाही म्हणावं लागलं नसतं, तिला राजीनामा द्यावा लागला नसता, आणि मी खरं बोललो म्हणून कुणी नाव ठेवलं नसतं. वाक्य जिभेवर आलं होतं.

पण माझ्या वडिलांचा एक नियम होता. पाहुण्यांदेखत कुणाच्या घरच्या भांड्याला नाव ठेवायचं नाही. कल्हई उडालेली दिसली तर भांडं मागून घ्यायचं, मुकाट काम करायचं आणि घरच्या बाईला नंतर बाजूला सांगायचं. तिच्या अब्रूचा प्रश्न असतो, ते म्हणत. मी हात चोळत बसलो. मॅनेजर वाट बघत होता. शेजारच्या दोन बायांसमोर तसेच दोन मग येऊन ठेवले गेले.

"साहेब, ते मग आधी उचलायला सांगा," मी म्हणालो. "कल्हई गेलीय त्यांची. आंबट देऊ नका त्यात. तीन महिने झाले की जातीच ती. कुणाचा दोष न्हाई."

मुलीने माझ्याकडे पाहिलं. तिला कल्हईचं काही कळत नव्हतं, पण बाप पांघरूण घालतोय एवढं तिला कळलं. आधी तिने वेटरला खूण करून ते दोन मग उचलायला लावले. मग ती मॅनेजरकडे वळली.

"सर, ती आपोआप गेली नाही," ती म्हणाली. "मी आतून घासून घ्यायला लावली. मुलांची चूक नाही. गेल्या आठवड्यातली ती तक्रारसुद्धा बहुतेक यामुळेच आली. मला माहीत नव्हतं, पण विचारायला हवं होतं."

अगं गप्प बस, असं म्हणावंसं वाटलं. मीच तिला वाचवत होतो आणि तीच बाहेर येऊन उभी राहिली होती. मॅनेजरने टेबलावरचा मग उचलून आत पाहिलं. मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिलो. या माणसाने हिला काढू नये, असं मला वाटत होतं. तिथे नाही म्हणायला आलेला मी, मनातल्या मनात तिच्या नोकरीसाठी दुआ मागत होतो.

"सगळे मग बाजूला काढा," तो शेवटी म्हणाला. "आजपासून काचेत द्या. त्या गिऱ्हाइकाला उद्या तू स्वतः फोन करायचा." ती हो म्हणाली. मग तो माझ्याकडे वळून म्हणाला, "पण कल्हई करणारा आता मिळतो कुठे, सर?"

कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही.

"मी हाय की," मी म्हणालो. "मी कल्हईवाला हाय. वीस वर्षं तेच केलंय." आणि मुलीकडे न बघता पुढे म्हणालो, "माळ्यावर आहे तो माझा भाता हाय. कातडं न्हवं."

ती रिकामा ट्रे छातीशी धरून उभी राहिली. मी तिच्याकडे पाहिलं तेव्हा तिचे डोळे भरले होते आणि मला इतकी लाज वाटली की मी परत कठड्यापाशी गेलो.

सोमवारी सकाळी मी पुन्हा आलो. आदल्या दोन दिवसांत भात्याला दोन ठिगळं लावली आणि नवसागरासाठी सांगलीपर्यंत जाऊन आलो. लाउंज सोमवारी बंद असतो. गच्चीच्या मागच्या कोपऱ्यात पत्र्याच्या डब्यात कोळसे पेटवले. मुलगी सुट्टीचा दिवस मोडून आली होती, साध्या सलवार-कुर्त्यात. भात्यावर बसली. पहिल्यांदा वारा भलतीकडेच गेला आणि राख माझ्या तोंडावर आली.

"दमानं ओढ. भांडणाला आल्यागत नको," मी ओरडलो.

"तुमीच आला होता की भांडायला," ती म्हणाली.

सगळे मग दुपारपर्यंत झाले. पांढरा धूर अजिंक्यताऱ्याच्या बाजूला सरकत होता आणि खालून कुणीतरी विचारायला वर आलं की आग लागलीय का. हात पूर्वीसारखा चालत नाही, दोन मगांना दोनदा कांडी फिरवावी लागली. पण आतून सगळे पांढरे झाले. पाण्यात बुडवून पुसल्यावर तिने पहिला मग उन्हाकडे धरला, आत बोट फिरवलं, परत पाहिलं. मग उठून काउंटरमागे गेली आणि तो भरून घेऊन आली. आलं, लिंबू, गूळ, सोडा.

या वेळी ती जवळच उभी राहिली. मी आत पाहिलं आणि प्यायलो. गूळ जरा जास्त होता. तसं सांगितलंही.

संध्याकाळी परतीच्या एसटीत बायकोचा फोन आला. कराड मागे पडलं होतं आणि मी खिडकीशी काळ्या नखांतली राख काढत होतो.

"दोन दिवस नुसता भाताच शिवत होतात. काय सांगितलं पोरीला? हो की नाही?" तिने विचारलं.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी मुलीला दोन्हींपैकी काहीच सांगितलेलं नाही, आणि तिनेही विचारलं नाही.

"तो भाता आता माळ्यावर टाकू नको," मी म्हणालो. "दर तीन महिन्यांनी सातारला जावं लागणार."