चिंचेने घासलेली सहा नाणी

चिंच भिजत घातली की नव्वदीतलं जे. पी. नगरचं घर आठवतं. रविवारच्या जुन्या बाजारात मला चौकोनी भोकाची सहा जपानी नाणी मिळाली होती, एकाच तारेत ओवलेली, काजळीने काळीकुट्ट. "स्वल्प चिंच लाव, लख्ख निघतील," आई म्हणाली, आणि निघालीही. वर राहणाऱ्या जपानी इंजिनियरकडून अक्षरं वाचून घ्यायला गेले, तर त्याने ती मोजली आणि हात मागे घेतला. "आमच्याकडे मेलेल्याबरोबर सहा देतात, नदीपार जायचं भाडं. काळी होती का?" मी हो म्हटलं. "चितेची काजळी," तो म्हणाला. घरी मोरीत काळं पाणी अजून तुंबलेलं होतं. आजही डबा उघडून मी नाणी मोजते. सहाच्या सहा असतात, म्हणजे ज्याची आहेत तो अजून अलीकडच्याच काठावर उभा आहे.