चिंचेवाल्यांनी मागितलेलं पाणी

जे किस्से सांगायचे नसतात तेच फार साचतात. सांगून टाकलेला किस्सा लोक आपल्या घरी घेऊन जातात. आमच्या बंगल्यावरचा एकही किस्सा फाटकाबाहेर न्यायची परवानगी नव्हती, म्हणून माझ्याकडे ते पोत्याने पडून आहेत. आता बंगला बंद झाला, डॉक्टरसाहेबही आपल्या मुलाकडे राहायला गेले. पेशंटांची नावं मला तेव्हाही माहीत नव्हती, तेव्हा सांगायला हरकत नसावी.

केळापूरच्या पुढे, सडकेपासून बराच आत, रानाला लागून तो बंगला होता. विदर्भ मुंबई राज्यात जाऊन थोडेच दिवस झाले होते. नागपूर-मुंबईकडचे मोठे लोक तिथे गुपचूप येत आणि दारू सुटेपर्यंत राहत. मी फुलसावंगीचा. सातवीतून शाळा सुटली, आणि पुढे या बंगल्यावर पेशंटांची उठबस करायला लागलो.

*

पहिला नियम नावाचा. ज्या खोलीसमोर जे झाड, ते त्या पेशंटचं नाव. कडुनिंबवाले, बाभळीवाले, चिंचेवाले!

फाटकावर सोमलादादा असे. तांड्यावरचा म्हातारा, पांढरं पागोटं, हातात काठी. एक शेठजी मोटारीतून उतरले आणि सवयीने स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, पेढीचं नाव, सगळं सांगायला लागले. सोमलादादाने दोन्ही कानांवर हात ठेवले.

"साहेब, हे सारं मोटारीतच राहू द्या. माह्या झोपडीत आधीच जागा कमी हाय!"

*

जागा इतकी गुप्त की पेशंटलाच सापडत नसे. पाटी नाही, आणि रस्ता विचारावा तर कशासाठी आलो ते सांगावं लागणार!

एक गृहस्थ पांढरकवड्यात उतरले आणि लोकांना आडून आडून विचारू लागले, "इथे जवळपास अशी जागा आहे का, जिथे माणसाला कुणी त्रास देत नाही, निवांत पडून राहता येतं?"

लोकांनी मोठ्या अदबीने त्यांना स्मशानाचा रस्ता दाखवला!

दुपारभर फिरून ते सडकेवर आले. तिथे एक म्हातारी पेरू विकत बसली होती. तिने मोटार पाहिली, माणूस पाहिला आणि म्हणाली, "दारू सोडाच्या बंगल्यावर जाचं नं? डाव्या हाताले वळा. मंगापासून तोंडात मूग धरून काहून फिरून राह्यले, बावा?"

आमचा गुप्तपणा तो असा. सगळ्या मुलखाला ठाऊक, फक्त पेशंटच्या घरी ठाऊक नाही!

*

घरी बहुतेकजण एकच सांगून येत, "शिकारीला जातो." रान जवळ होतं, त्यामुळे ते खपून जाई. पण शिकारीला गेलेला माणूस रिकाम्या हाताने कसा परतणार?

आमचे स्वयंपाकी रहीमचाचा. त्यांनी डॉक्टरसाहेबांच्या बैठकीतली चितळाची शिंगं भिंतीवरून काढून एकाला दिली. त्याने ती घरी मिरवली आणि पार्सलने परत पाठवली. पुढे तोच रिवाज पडला. शेवटी शिंगांचा एक फाटा प्रवासात मोडला, तेव्हा चाचा हळहळून म्हणाले, "बेचारा! एक बार मरा, और हर महीने उसका शिकार होता है!"

*

दुसरा नियम पाण्याचा. मोठ्या माणसाला "मला प्यावंसं वाटतंय" हे नोकरापुढे म्हणवत नाही. म्हणून डॉक्टरसाहेबांनी ठरवून दिलं होतं की, तलफ आली की पेला घेऊन यायचं आणि नुसतं पाणी मागायचं. आम्ही पाणी द्यायचं आणि शेजारी बसायचं. बोलायचं नाही, उपदेश करायचा नाही, त्यांच्याआधी उठायचं नाही.

मला हे काम फार आवडे. मी लाजाळू. न बोलता कुणाजवळ बसायचं काम जगात दुसरं कोणतं असणार?

बाभळीवाले पहिल्याच दिवशी पेला घेऊन आले आणि म्हणाले, "पाणी दे रे." मी दिलं आणि बाकावर त्यांच्याजवळ बसलो. ते प्यायले. मी बसलेलाच. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी गंभीर चेहरा केला. ते थोडे सरकले, मीही सरकलो. शेवटी ते वैतागले, "काय पाहिजे तुला? बक्षीस?"

त्यांना नियम अजून कुणी सांगितलाच नव्हता. त्यांना खरोखरच तहान लागली होती!

*

तिसरा नियम ओळखीचा, आणि तो सगळ्यात कडक. पेशंट बाहेर भेटला तर ओळख द्यायची नाही. त्याने नाही, आपणही नाही.

जाताना सगळे म्हणत, "घरी ये हं!" पत्ता कुणीच देत नसे. सुरुवातीला मला ते खरं वाटे. एकदा यवतमाळच्या बाजारात कडुनिंबवाले दिसले. त्यांच्या उलट्या मी काढल्या होत्या, त्यांचे पाय दाबले होते. माझा हात नकळत वर गेला. ते माझ्याकडे पाहत होते, पण भिंतीकडे पाहावं तसे. बरोबरच्या त्यांच्या बाईसाहेबांनी विचारलं, "कोण हो तो?"

"कोण जाणे. हमाल असेल."

चूक त्यांची नव्हती, नियम होता. पण वर गेलेल्या हाताचं काय करावं ते मला कळेना. मग मी डोकं खाजवलं.

नंतर मात्र मी ओळख न देण्यात इतका तयार झालो की, सुट्टीत फुलसावंगीला गेलो तेव्हा सख्खा मामा समोरून आला आणि मी मान वळवून निघून गेलो! मामाने मागून आरोळी ठोकली, "काहून बे? मले नाही ओळखत? तुह्या लग्नात मी बी नाही ओळखत तुले!"

लग्न अजून व्हायचंय. मामा अजून रागावलेलाच आहे.

*

चिंचेवाल्यांनी मात्र आल्याबरोबर माझं नाव विचारलं. बंगल्यावर तोपर्यंत पेशंटांपैकी कुणी विचारलं नव्हतं.

"गणपत," मी म्हणालो.

"गणपतराव," ते म्हणाले, "मी तुम्हाला फार त्रास देणार आहे."

आणि दिला. दिवस मावळला की ते पेला घेऊन येत. पेल्यातलं अर्धं पाणी माझ्या पायजम्यावर सांडे. आम्ही चिंचेखाली बसून राहत असू. एकदा ते आपणहून बोलले. त्यांच्या एकुलत्या मुलीचं लग्न नेरच्या एका कापसाच्या जिनवाल्याकडे ठरत होतं. माणसं मोठी, हौशी, घरात रोज पिण्याची बैठक. "मी इथे राहून गेलो हे त्या घरात कळलं, तर पोरीला जन्मभर दारुड्याची लेक म्हणतील. आणि मी पुन्हा घेतली, तर तसंही म्हणतीलच."

मी आणखी पाणी ओतलं.

ते गेले तेव्हा "घरी ये" म्हणाले नाहीत. नुसते हात जोडले. त्यानंतर कितीतरी संध्याकाळी मी उगाचच पाण्याचा माठ भरून चिंचेखाली बसे. नवे चिंचेवाले आले होते, पण त्यांना पत्त्यांचा नाद होता.

*

पुढच्या हंगामात गाद्यांच्या कापसासाठी मी नेरला गेलो होतो. काम आटोपून मोटारस्टँडजवळच्या हॉटेलाबाहेर बाकावर यवतमाळच्या गाडीची वाट पाहत होतो. उन्हं उतरली होती. एक मोटार चहासाठी येऊन थांबली. आधी एक जाडजूड, हसरे गृहस्थ उतरले, आणि मागून चिंचेवाले!

मी मान वळवली. आता सवय झाली होती.

ते दोघे पलीकडच्या खुर्च्यांवर बसले. हॉटेलवाल्याने धावत येऊन पाण्याचे पेले ठेवले. जाडे गृहस्थ मोठ्याने बोलत होते, "ते काही नाही व्याहीबुवा! लग्नात तुम्ही उपास सांगितला, दिवाळीत पित्त सांगितलं. आज लेकीकडे आलात, आज बैठकीतून सुटका नाही. परमिटचा माल आहे हो, चोरीचा नाही! आमच्या हातचा एक पेला घेत नाही म्हणजे आमचं घर तुम्हाला पसंत नाही, असंच मी समजेन!"

चिंचेवाले हसले. मग पुढ्यातला पेला उचलून उठले आणि सरळ माझ्याकडे चालत आले. पेला काठोकाठ भरलेला, पाणी सांडत होतं.

"भाऊ," ते मला म्हणाले, "पाणी कुठे मिळेल?"

मागून व्याही खोखो हसले, "अहो, तुमच्या हातात काय आहे मग?"

मी बाकावर सरकलो. ते बसले.

पेला त्यांच्या गुडघ्यावर होता, पायजमा माझा भिजत होता. यवतमाळची गाडी आली. कंडक्टर ओरडला, "चला यवतमाळ! ओ पायजमेवाले, याचं नाही का?" मी मान हलवली. गाडी गेली.

व्याही कंटाळून उठले आणि आमच्यासमोर येऊन उभे राहिले. "काय हो, निघायचं ना? कोण हा? ओळखीचा आहे का?"

चिंचेवाल्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं.

"नाही बुवा," ते म्हणाले. "तुम्ही व्हा पुढे."

आणि बसून राहिले.