पेजेवर संतापणारे डॉक्टर

डॉ. मनिराम सरांची पहिली ओळख झाली ती त्यांच्या आवाजानं. गोंदियातल्या त्यांच्या दवाखान्यात मी शिकाऊ डॉक्टर म्हणून नुकतीच रुजू झाले होते. वॉर्डात पाऊल टाकते तोच सर कडाडले, "काऊन उपाशी ठेवून राहिले याले?"

खाटेवर देवरीकडचे कोदूभाऊ होते. यकृताचा सिरोसिस, पोट पाण्यानं टम्म आणि हातापायांच्या नुसत्या काड्या. त्यांच्या पत्नी शाबासकीच्या आशेनं सांगत होत्या, "साहेब, कावीळ झाली तवापासून पेजेबिगर काहीच देत नाही जी. वरण नाही, अंडा नाही, मासोळी त दूरच." आणि हे घर कोणाचं? गावतलावात जाळं टाकून मासोळी विकणाऱ्यांचं! साऱ्या बाजाराला मासोळी आणि घरच्या माणसाला पेज.

सरांचा राग त्या माउलीवर नव्हता. यकृत बिघडलं की माणसाचं जेवण तोडायचं, हे पथ्य आपल्याकडे घरोघरी चालतं आणि, सांगायलाही लाज वाटते, पांढरे कोटवाले त्याला माना डोलावतात! पोट वाढलेलं बघून 'अंग धरलंय' म्हणतात. अहो, ते पाणी आहे! सर पोटाआधी दंड आणि मांड्या बघतात, हात न टेकता खुर्चीतून उठायला सांगतात. दोन रुग्णांचे रिपोर्ट सारखे असले, तरी ज्याचं मांस झडलं त्याच्या जिवाला धोका जास्त, हे आम्ही त्यांच्याकडून शिकलो.

कोदूभाऊंना उठताच आलं नाही. "वाचतीन का जी?" वहिनींनी विचारलं.

"जेवले त वाचतीन. मीठ कमी करा, जेवण नाही. दारू त्यानं सोडली, अन् अन्न तुम्ही सोडवलं!" असं म्हणत सरांनी स्वतःचा डबा उघडला, अंड्याची भाजी कोदूभाऊंपुढे सरकवली आणि ती संपेपर्यंत स्टुलावर बसून राहिले. पुढे कोदूभाऊ दवाखान्यात होते तोवर सरांचं दुपारचं जेवण त्यांच्या खाटेशीच झालं. झोपण्याआधीही काहीतरी पोटात गेलंच पाहिजे, हा त्यांचा हुकूम. काही महिन्यांनी तपासणीला आलेले कोदूभाऊ खुर्चीतून आपले आपण उठले. सरांचे डोळे भरले, पण वहिनींवर खेकसलेच, "आज मासोळी रांधली का नाही?"

परवा या गौरवग्रंथासाठी फोटो मागायला सरांच्या घरी गेले, तर शर्टाच्या बाहीत त्यांचा दंडच दिसेना. विचारलं तर म्हणतात, "या वयात रात्री हलकंच बरं. वाटीभर पेज घेतो."

पेज! सर, पंचाहत्तरी झाली म्हणून तुमच्या अंगाला नियम वेगळा लागतो काय? तुम्ही आम्हाला शंभरीपर्यंत हवे आहात, पूर्वीसारखे धडधाकट आणि असेच खेकसणारे. सत्काराला कोदूभाऊ मासोळीचा रस्सा घेऊन येणार आहेत. त्यांनी पाठवलेला निरोप जसाच्या तसा देते: "काऊन उपाशी राहून राहिले जी? आधी हात न टेकता खुर्चीतून उठून दाखवा, मंग हार घालतो."