दोनदा लावलेलं कुलूप

नव्वदच्या दशकात बंगलोरच्या आमच्या ऑफिसात माणसं जास्त आणि टर्मिनल कमी होती. पुण्याहून नवीनच आलेली मी आणि नागपूरच्या एक वरिष्ठ बाई एकच टर्मिनल, एकच लॉगिन आलटून पालटून वापरायचो. त्यामुळे मला आलेली मेल आधी बाई वाचत आणि मग सांगत, "वाचून घे, छान लिहिलंय."

लिहिणारा पलीकडच्या रांगेत बसायचा. त्याचं घराणं पिढ्यान् पिढ्या इथलंच, बंगलोरातल्या शिवाजीनगरात त्यांचं कुलपांचं दुकान. मराठी तो इंग्रजी अक्षरांत लिहायचा आणि तिच्यात कानडी सढळ हातानं घालायचा, 'हो'ला सरी आणि 'जरा'ला स्वल्प. बाईंच्या वाचनाला आळा बसावा म्हणून त्यानं मला 'टीआर' ही कमांड शिकवली. ती चालवली की प्रत्येक अक्षर तेरा घरं पुढे सरकायचं. अक्षरं सव्वीस, त्यामुळे तीच कमांड पुन्हा चालवली की मूळ मजकूर परत. पुढे पुढे तर त्याची मेल मी न बघताच थेट कमांडमध्ये ढकलायचे. बाईंना नुसती गिचमिड दिसू लागली आणि त्या हिरमुसल्या. मला त्यांचं अजिबात वाईट वाटलं नाही.

अशात आईबाबा रविवारी माझ्यासाठी एक स्थळ घेऊन येणार असं ठरलं. मुलगा इथेच नोकरीला होता आणि नाही म्हणावं असं त्याच्यात काही नव्हतं. मला हवा होता तो पलीकडच्या रांगेतला, पण तो स्वतःहून बोलेल तर शपथ! मी त्याला स्थळाचं कळवलं आणि वाट बघत बसले.

शुक्रवारी सकाळी त्याची मेल आली. कमांडमधून काढली तर गिचमिड. मूळ मेल पुन्हा घेऊन काढली, तरी तेच. इथे माझ्या आयुष्याचा प्रश्न आणि या गृहस्थाला चेष्टा सुचतेय! माझं डोकंच फिरलं. तो पाण्याच्या निमित्तानं दिवसभर चकरा मारत होता, मी मान वर केली नाही.

संध्याकाळी बाई माझ्या खुर्चीमागे येऊन उभ्या राहिल्या.

"काहून छळून राहिली त्या पोराला? हो म्हण, नाही तर नाही म्हण."

"तुम्हाला काय माहीत?"

त्यांनी मूळ मेल उघडून दाखवली. वाचता येईल अशा स्वच्छ मराठीत लिहिलं होतं, "तुझे आईबाबा त्या मुलाला सरी म्हणायच्या आधी मला स्वल्प विचार की. मी केव्हाचा तयार आहे."

मी तरातरा त्याच्याकडे गेले.

"कमांड किती वेळा चालवलीस?"

"दोनदा," तो म्हणाला. "महत्त्वाचं होतं ना. दुकानाचं कुलूपपण आमचे अण्णा किल्ली दोनदा फिरवूनच लावतात."

दोनदा फिरून मजकूर होता तसाच आला होता, त्याची गिचमिड केली ती मीच. ऑफिसात ती मेल वाचता न आलेली मी एकटीच होते. मला हसू आलं आणि त्याच्या मागोमाग रडूही. हळू बोलण्यासारखं आता काही उरलं नव्हतं, म्हणून मी सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं "हो" म्हटलं.

"ही हो म्हणणार, हे मी सकाळपासून साऱ्या रांगेला सांगून राहिली," मागून बाई म्हणाल्या.