शेजारच्या वर्गातल्या बाई

पोरांच्या मनातलं अलगद काढून घेणाऱ्या अशा बाई अख्ख्या डिचोली तालुक्यात दुसऱ्या नसतील, आणि त्यांचा वर्ग नेमका माझ्या वर्गाला लागून असावा, हे माझं नशीब! साखळी गावच्या एका शाळेत आम्ही दोघं नववीला गणित शिकवतो. 'अ' मला, 'ब' बाईंना. माझ्या वर्गात टाचणी पडली तरी ऐकू येते. फक्त ती ऐकायला जागं कुणी नसतं. बाईंच्या वर्गात बाजार भरलेला, आणि पोरं मात्र पास. जळणार नाही तर काय करणार माणूस! त्यात माझी लेक सई माझ्याच वर्गात, गणितात नापास. तिला 'ब'मध्ये जायचं होतं आणि तिच्या अर्जावर सही न करता मी हटून बसलो होतो.

बाई चवथीला पोरांच्या घरोघरी जातात. गणपतीला हात जोडतात आणि वर टांगलेली रानफळांची माटोळी न्याहाळत बसतात. हे आंबाडे कुणी आणले, रानात कुणाबरोबर गेलीस, असं विचारता विचारता घर कळतं त्यांना. सर्वण गावची एक अबोल मुलगी अख्ख्या वाड्याच्या माटोळ्या बांधते, हे त्यांना असंच समजलं. दोन्ही बाजूंचं वजन सारखं कसं ठेवतेस, असं विचारत त्यांनी तिला समीकरणं शिकवली. यंदा मीही ईर्षेनं पाच घरं फिरलो. पण गणपतीसमोर पोरांना सतराचा पाढा विचारला, नेवऱ्या खाल्ल्या आणि पित्त घेऊन घरी आलो.

दुसऱ्या दिवशी बाई आमच्याकडे आल्या. सईशी तासभर माटोळीखाली बसून बोलल्या. निघताना त्यांच्या पेडण्याच्या बोलीत मला हळूच म्हणाल्या, "सर, सई गणिताक भियत नाय, तुमकां भियता. तुमचा कधी काय चुकला, ता तिका सांगलात काय?"

राग आला. खोटं कशाला बोलू, खूप आला. दोन दिवस धुमसत होतो. मग अर्जावर सही केली, आणि कागद सईच्या हातात देताना तोंडातून निघून गेलं, "आठवीत मी गणितात नापास झालो होतो गं."

 ती आत गेली आणि चुकलेल्या गणितांची एक अख्खी वही माझ्यापुढे आणून ठेवली. वर्षभर लपवलेली. आम्ही जेवणं विसरून ती चाळत बसलो.

नोकरीच्या बावीस वर्षांत ही गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती. बाईंनी ती माझ्याकडूनही काढून घेतली. हेवा वाटतो हो अजून.